खरखरीसकट

काका, आपल्या मंडळींनी तुम्हाला 'सायलेंट की' करून टाकलं. हॅम रेडिओवरचा माणूस गेला की असंच म्हणायची पद्धत आहे. की गप्प झाली, म्हणजे मोर्स पाठवायची ती दांडी आता कुणी दाबणार नाही. जगभर म्हणतात, आदराने म्हणतात, मला ठाऊक आहे. तरी मला ते मान्य नाही. तुमची की तुम्ही हयातीतच, स्वतःच्या हातांनी, जुन्या रुमालात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली होती, आणि ती कुणाच्या नाकावर टिच्चून ठेवली होती तेही मी पाहिलं आहे. गप्प बसवायला निघाले होते ते तुम्हाला. तुम्ही बसला नाहीत. त्यामुळे तुम्ही कधी जन्मलात, कुठल्या जहाजांवर होतात, मागे कोण कोण आहे, हे सगळं ज्यांना लिहायचं ते लिहितील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं भांडायचंही राहिलं आहे.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. तुमच्या खालची खोली मी रेकॉर्डिंगसाठी घेतली होती. पनवेलभर रिक्षावर भोंगा लावून ज्या जाहिराती फिरतात, त्या मी तयार करायची. साड्यांचा सेल, डोळे तपासणी शिबिर, करंजाड्यातल्या नव्या बिल्डिंगचं बुकिंग. एका सकाळी कानाला हेडफोन लावून बसले होते तर साड्यांच्या सेलच्या मधोमध एक बदक बोलायला लागलं. थांबायचं, पुन्हा बोलायचं. वॉचमनला विचारलं तर त्याने वर बोट दाखवलं, गच्चीवर ताणलेल्या तुमच्या रेडिओच्या तारेकडे. मी तरातरा जिना चढून आले. खांद्यावर पंचा टाकून तुम्ही दार उघडलंत आणि माझा सगळा संताप संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलात. मग म्हणालात, "बाई, तुमची स्पीकरची वायर लांब हाय. तीच माजी अँटेना झाली." खाली आलात, कसलीशी काळी लोखंडी रिंग खिशातून काढलीत, माझी वायर तिच्यातून चार-पाच वेळा फिरवलीत, आणि बदक मेलं. संध्याकाळी काकूंनी तळलेले बोंबील पाठवले. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत तुम्ही मला हॅमच्या लायसन्सच्या परीक्षेला बसवलंत, आणि 'बाई'ची 'पोरी' कधी झाले ते मलाही कळलं नाही.

तेव्हाचा तुमचा आवाज मला आठवतो. मोरा बंदराच्या धक्क्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारणाऱ्या घरातला आवाज तो. त्याला माइक लागतो कशाला असं वाटायचं. सकाळच्या नेटवर, म्हणजे रोज ठरलेल्या जागी हवेत जमणाऱ्या त्या पंचवीस-तीस लोकांत, तुमचा नंबर तिसरा. कर्णिकसाहेब पुण्याहून नेट चालवायचे, एकेकाचा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं अक्षर-आकड्यांचं नाव, पुकारायचे, आणि ज्याने त्याने आपली हजेरी लावून हवापाण्याची दोन वाक्यं बोलायची. जो आधी आला तो आधी, असा तो क्रम होता आणि वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. पहिले दोघं तुमच्याहून जुने. तिसरे तुम्ही. मी शेवटून दुसरी होते आणि मला त्याचाही अभिमान होता.

मग तुमच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाज जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे दोष कुणालाच देता येत नाही. गाठ गेली, पण आवाजाची एक पट्टी लुळी पडली. बोलायला लागलात की निम्मी हवा मधूनच सुटायची. शब्दाऐवजी खरखर यायची, चार शब्दांनी दम लागायचा. घरात काकूंना कळायचं, मला कळायचं. रेडिओवर काहीच कळायचं नाही.

परत आलात त्या सकाळी सगळ्यांनी हौसेने स्वागत केलं. तुम्ही बोललात. कर्णिकसाहेब म्हणाले, सिग्नल जोरात आहे, शब्द लागत नाहीत, टू नाइन. आपल्यात पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, पाचपैकी, आणि दुसरा जोराचा, नऊपैकी. टू नाइन म्हणजे भोंगा मोठा आणि बोलणं शून्य. माझ्या धंद्यात असा भोंगा मी रिक्षावर चढूच दिला नसता. दुसऱ्या दिवशीही टू नाइन. त्यानंतर साहेबांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं की तुमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, तेव्हा तुम्हाला शेवटी घेऊ, वेळ उरला तर. आणि सुचवलं की तुम्ही तर मोर्समधले राजे, इतकी वर्षं जहाजावर तेच केलंत, आता बोलण्याचा नाद सोडून मोर्सवर या. तिथे गळ्याची गरजच नाही.

सगळ्यांना हे पटलं. काकूंनाही पटलं. मलाही त्यात काही वावगं दिसेना, तसं मी बोललेही.  तुम्ही माइक जवळ असल्यासारखे ओठ पुढे करून, दम घेत घेत म्हणालात, "मोर्स माजी नोकरी होती, पोरी. बोलनं माजं हाय." आणि उठून की रुमालात गुंडाळलीत. काकू म्हणाल्या, डोकं फिरलंय ह्यांचं. फिरलं असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमचा राग कळला, आणि तो कळल्यावर माझाही चढला.

रिक्षाच्या जाहिराती करण्यात एकच खुबी असते. बाजारात हॉर्न, भाजीवाले, स्टँडवरच्या गाड्या, या सगळ्यांतून शब्द बाहेर काढायचा. ते मी कॉम्प्युटरवर रोज करत होते. तेच तुमच्या आवाजाला का करू नये? मी लॅपटॉप वर आणला. माइक रेडिओत न जाता आधी लॅपटॉपमध्ये जाईल, तिथे सॉफ्टवेअर आवाज चाळेल, निवडेल, वाढवेल आणि मग रेडिओला देईल, अशी जोडणी केली. खालचा घुमणारा भाग काढून टाकला, कारण त्यात रेडिओची ताकद फुकट जाते आणि शब्द त्यात नसतोच. वरचा भाग, जिथे त, च, स हे वर्ण राहतात, तो उचलला. मग कॉम्प्रेसर लावला, म्हणजे हळू बोललेलं मोठं होतं आणि मोठं आहे ते आवरतं. जोडणी करताना तुम्हीच मला दोनदा ओरडलात. पहिल्यांदा अर्थिंग विसरले म्हणून, दुसऱ्यांदा ती काळी रिंग विसरले म्हणून. रिंगशिवाय तुमचा आवाज तारेतून बाहेर जाऊन वायरीतून परत लॅपटॉपमध्ये शिरत होता आणि बदक पुन्हा जिवंत झालं होतं.

पहिला प्रयोग आठवतो ना? सवयीने माझा हात जाहिरातीच्या सेटिंगवर गेला. तुम्ही गंभीरपणे हजेरी लावलीत आणि पलीकडून कुणीतरी विचारलं की पद्माकरराव, नऊवारीवर किती टक्के सूट आहे. पूर्ण नेट हसलं. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात होते. तुम्ही माइक बाजूला ठेवून माझ्याकडे बघत म्हणालात, "मी काय साड्यांचा सेल लावलाय?" आणि मग तुम्हीच इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि काकू पाणी घेऊन धावल्या.

दुसऱ्या प्रयोगाला मात्र कुणी हसलं नाही. तुमच्या खोलीतला तो पंखा. टक टक टक टक, प्रत्येक फेरीला एकदा. बंद करा म्हटलं तर तुम्ही घामाघूम व्हायचात आणि काकूंनी बंद केला तर तुम्ही उठून लावायचात. तुमच्या संसारातलं ते सगळ्यात जुनं भांडण असावं. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये गेट असतो. बोलणं सुरू झालं की उघडतो, थांबलं की मिटतो, पंखा बाहेर राहतो. लावला गेट. पंखा गेला. आणि तुमच्या प्रत्येक वाक्याचं शेपूटही गेलं. दम संपत आला की तुमचा आवाज पंख्याच्या पातळीला यायचा आणि गेटच्या हिशेबी दोघं सारखेच, कचरा. साहेबांना ऐकू जायचं ते असं: "नमस्कार, पनवेलहून..." आणि पुढे शांतता. "आज वारा..." आणि शांतता.

मी गेट थोडा सैल केला, मग आणखी सैल. तुम्ही रेकॉर्डिंग ऐकत होतात, डोळे मिटून. एकदम म्हणालात, काढ तो. मी समजावलं की मग पंखा येईल, तुमचे श्वास येतील, दोन शब्दांच्या मध्ये धाप ऐकू येईल. लोकांना बरं वाटणार नाही. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "दम लागला तर लागला असं कलू दे. मी दमलोय, मेलो नाय. बोलनं ऐकायला येवं एवढंच कर. खरखर माजी हाय, ती ऱ्हाऊ दे."

मी ऐकलं नाही. दोन दिवस भांडले. माझ्या कामात श्वास कापतात. कापायलाच हवेत, नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवरून उडतं. मी तुमची जुनी कॅसेटसुद्धा शोधून काढली, ऑपरेशनच्या आधीची, धक्क्यावरच्या आवाजातली. तो आवाज समोर ठेवून तुमचा आताचा आवाज त्याच्या जवळ नेता येईल, थोडा तरी नेता येईल, असं मला वाटत होतं. तुम्ही कॅसेट ऐकलीत. छान व्हता, म्हणालात, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. आणि मला परत दिलीत. त्या विषयावर पुन्हा बोलू दिलं नाहीत. काका, मी आजही म्हणते की मी जमवलं असतं. तुम्ही मला करूच दिलं नाहीत, याचा राग अजून आहे. तुमच्यावर लिहायला बसले म्हणून तो गिळून टाकीन असं समजू नका.

शेवटी गेट निघाला. त्या सेटिंगला मी नाव दिलं 'काका'. माझ्या आवाजाचं सेटिंग त्याच लॅपटॉपवर होतं, 'मी' नावाचं, गेट लावलेलं, स्वच्छ, श्वास कापलेलं. एकाच यादीत दोन नावं, वरखाली. आणि तुम्ही ऐकू यायला लागलात. खरखर होती, धाप होती, पण शब्द लागत होते. कॉम्प्रेसरची एक खोड असते, तुम्ही गप्प झालात की तो समोर जे असेल ते उचलतो. म्हणून तुम्ही दम घ्यायला थांबलात की पंखा मोठा व्हायचा, बोलायला लागलात की लहान. टक टक, मग तुम्ही, मग टक टक. नाशिकचे एक जण रोज म्हणायचे, पंखा आला, म्हणजे पद्माकरराव आलेच.

सगळे मात्र नाशिकसारखे नव्हते. हा आवाज कॉम्प्युटरचा आहे, माणसाचा नाही, असं एकाने हवेतच म्हटलं. दुसऱ्याने विचारलं की बोलणारे पद्माकरच आहेत कशावरून, लायसन्स माणसाला मिळतं, मशीनला नाही. मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला माइक ओढला तर तुम्ही माझा हात धरलात आणि स्वतः बोललात. हळूहळू, दम घेत विचारलंत की तुमच्यातल्या कुणाला चष्मा हाय का. चारपाच जणांनी हो म्हटलं. मंग बघतो कोन, तुमी का चष्मा, एवढंच विचारलंत आणि ओव्हर म्हणालात. पुढे कुणी तो विषय ताणला नाही.

कर्णिकसाहेब आता तुम्हाला फोर नाइन द्यायचे. कधी कधी फाइव्ह. पण तुमची जागा त्यांनी परत दिली नाही. रोज शेवटीच. तुम्ही मागितलीत, तर म्हणाले, बघू, एकदा क्रम बसला की हलवणं बरं नाही. तुमची तिसरी जागा हलवताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून तुम्ही रोज आपलं बोलणं एकाच वाक्याने संपवायला लागलात. हवापाणी सांगायचं, मोऱ्याला भावाच्या होडीला काय मिळालं ते सांगायचं, आणि शेवटी, "माजी जागा तिसरी. ओव्हर." साहेब म्हणायचे, नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं, आज तरी चिडतील, आवाज चढवतील. चढवायला आवाज कुठे होता? तुम्ही नुसतं सांगत राहिलात. बाकीच्यांना आधी मजा वाटली, मग कंटाळा आला, मग थोडी लाज वाटायला लागली असावी, कारण त्या वाक्याच्या वेळी सगळे अगदी गप्प असायचे. आणि त्यातच एक दिवस तुम्ही गेलात. जागा न मिळता.

काकूंनी मला बोलावून घेतलं. सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, उद्या त्या तुमच्या लोकांना तू सांग, मला त्यातलं कळत नाय. मी म्हटलं, त्यांना कळलंय, उद्या ते काकांसाठी शांतता पाळणार आहेत. अशी आपल्यातली रीत आहे. नेट संपताना गेलेल्याचा कॉलसाइन शेवटचा पुकारतात, कुणी उत्तर देत नाही, आणि मग त्याची जागा बुजते, खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. काकूंनी विचारलं, शेवटी? मी म्हटलं, शेवटी. 

म्हणून काल सकाळी मी तुमच्या खोलीत, तुमच्या खुर्चीत बसले. काकू पलंगावर होत्या. कर्णिकसाहेबांनी बातमी सांगितली, चांगलं बोलले, मनापासून बोलले, हे मी नाकारत नाही. म्हणाले, सायलेंट की. म्हणाले, नेट संपताना आपण त्यांना पुकारू. कुणाला काही बोलायचं आहे का?

मी माइकचं बटण दाबलं, माझा कॉलसाइन सांगितला. पुढचं वाक्य पाठ होतं. पण 'काकांना' म्हणताना गळा भरून आला आणि मला वाटलं तेवढा आवाज निघालाच नाही. कुजबुजत, हुंदके गिळत मी सगळं बोलले आणि बटण सोडलं. साहेब म्हणाले, सिग्नल येतोय, आवाज नाही, पुन्हा बोला. मी पुन्हा बोलले. पुन्हा तेच. मी लॅपटॉपकडे बघितलं. सवयीने 'मी' लावलेलं होतं. माझा गेट मिटला होता. माझं रडणं त्याच्या हिशेबी कचरा होता.

काका, मी 'काका' लावलं. मग माझा श्वास गेला, हुंदका गेला, नाक ओढलेलं गेलं, सगळं हवेत गेलं, आणि त्याबरोबर शब्दही गेले. मी म्हटलं, "त्यांना शेवटी पुकारू नका. त्यांची जागा तिसरी आहे. आज एकदा तरी तिथून हाक मारा. ओव्हर."  मला वाटलं, नोंद घेतली म्हणतील. म्हणाले असते तर मी रोज येऊन तेच वाक्य बोलले असते. अजूनही बोलायची माझी तयारी होती, शेवटून दुसऱ्या जागेवरून, मला हवं तेवढं.

साहेबांनी हजेरी सुरू केली. पहिला कॉलसाइन. तो बोलला. दुसरा. तोही बोलला. मग थोडं थांबून, प्रत्येक अक्षर वेगळं उच्चारत, त्यांनी तुमचा पुकारला.

उत्तर द्यायचं नसतं. मी दिलं नाही. मी फक्त बटण दाबून धरलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बोलणारं कुणी नाही म्हटल्यावर कॉम्प्रेसरने समोर जे होतं ते उचललं. टक टक टक टक. तुमची खोली पुण्याला, नाशिकला, जिथे जिथे कुणी कान देऊन बसलं होतं तिथे तिथे पोचत होती. काकूंचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला होता. तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी हात परत मांडीवर घेतला आणि पदराने डोळे पुसले.

मी बटण सोडलं.  साहेब म्हणाले, "तिसऱ्या जागेवरून पंखा ऐकू आला. फाइव्ह नाइन." आणि त्यांनी चौथा कॉलसाइन पुकारला.